फरसबंदीचे आयुष्य जमिनीखाली ठरते

निगडीतल्या सोसायटीचे अंगण, भोसरीतल्या कारखान्याचे आवार, चाकणच्या गोदामापुढचे ट्रेलर लावायचे यार्ड, मोशीतल्या नव्या वसाहतीचा पदपथ. या सगळ्यांच्या पायाखाली आज एकच वस्तू दिसते, सिमेंटचा पेव्हर ब्लॉक. कुठे तो झिगझॅग असतो, कुठे डंबेलच्या आकाराचा, कुठे लाल-पिवळा, तर कुठे नुसता करडा. पिंपरी-चिंचवडच्या या उद्योगनगरीची जमीन एवढ्या प्रमाणात झाकणारी दुसरी वस्तू डांबर सोडले तर नाही. तरीही तिच्याकडे कुणाचे लक्ष जाते ते ठेच लागल्यावर, किंवा सैल ब्लॉकखालचे पाणी पँटवर उडाल्यावरच.

या ब्लॉकची खरी परीक्षा जूनमध्ये सुरू होते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पुणे शहरात सातशेच्या आसपास. पिंपरी-चिंचवड या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येते. एक एकराच्या यार्डावर अवघा १० मिलिमीटर पाऊस पडला, तरी चाळीस हजार लिटर पाणी साचते, म्हणजे चार मोठे टँकर. हे पाणी कुठे जाणार, याचा विचार ब्लॉक अंथरण्याआधी झालेला असेल, तर अंगण पंधरा-वीस वर्षे तक्रार करत नाही. तो झाला नसेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यातच जमीन कुठे खचते, कुठे फुगते.

ब्लॉकची कहाणी युरोपात सुरू होते. नेदरलँड्समधले रस्ते पिढ्यान्‌पिढ्या भाजक्या विटांनी बांधले जात. तिथली जमीन मऊ आणि ओली असल्याने अखंड पृष्ठभागाला तडे जात. सुट्या विटांचा रस्ता मात्र जमिनीबरोबर थोडा हलायचा आणि बिघडला तर उचलून पुन्हा बसवता यायचा. दुसऱ्या महायुद्धात रॉटरडॅमसारखी शहरे उद्ध्वस्त झाली. युद्धानंतर घरे उभारण्यासाठीच विटा पुरेनात, तेव्हा रस्त्यांसाठी त्याच मापाचे काँक्रीटचे ठोकळे आले. पुढे जर्मनीत एकमेकांत गुंतणारे आकार निघाले आणि ते झपाट्याने पाडणारी यंत्रे तयार झाली. आपल्याकडे अंगणात शहाबादी फरशी आणि रस्त्यावर डांबर हीच रीत होती. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कारखान्यांची आवारे वाढली, तसा ब्लॉकही घरोघरी पोहोचला.

या पट्ट्यात ब्लॉकला लागणारा दगड दूर नाही. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट मोशीच्या खाणींतून निघतो आणि क्रशरवर त्याची खडी, ग्रिट आणि क्रश सँड होते. नदीची वाळू मिळेनाशी झाल्यापासून क्रश सँडवरच बहुतेक काम चालते. चाकण-तळेगाव रस्त्याला आतल्या बाजूला वळले की पत्र्याच्या शेडमध्ये ब्लॉकचे कारखाने दिसतात. तिथे दोन पद्धतींनी माल निघतो. एका पद्धतीत ओला काँक्रीट रबराच्या किंवा प्लास्टिकच्या साच्यात ओतून कंप देणाऱ्या टेबलावर ठेवतात. हा ब्लॉक गुळगुळीत आणि चकचकीत निघतो, आणि त्याच्या वरच्या थरात रंग चांगला धरतो. दुसरी पद्धत व्हायब्रो-प्रेस यंत्राची. तिच्यातला काँक्रीट जवळजवळ कोरडा असतो. मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण हात ओला होऊ नये, एवढेच त्यात पाणी. यंत्राचा साचा पाटावर टेकतो, मिश्रण आत पडते, वरून दाब आणि खालून थरथर एकाच वेळी मिळते आणि काही सेकंदांत साचा उचलला जातो. पाटावर डझनभर ब्लॉक आपल्या पायावर उभे राहतात. ते दिसायला खरखरीत असतात, पण पावसात पाय न घसरण्यासाठी तोच खरखरीतपणा उपयोगी पडतो.

ब्लॉक पाडला म्हणजे तो तयार झाला, असे होत नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावून हळूहळू ताकद धरते. म्हणून किमान आठवडाभर पाणी मारावे लागते आणि ताकद मोजायची ती २८ दिवसांनी. मार्चअखेरची बिले आणि मृगाआधीची घाई यांच्यात हे २८ दिवस हमखास कापले जातात. कोवळा ब्लॉक ट्रकमध्ये चढतो, उतरताना त्याच्या कडा उडतात, आणि दोष मात्र बसवणाऱ्याच्या माथी येतो.

कुठे कोणता ब्लॉक वापरायचा, याचे नियम आहेत. २००६ साली आलेल्या आयएस १५६५८ या भारतीय मानकाने जाडी आणि ताकद यांची सांगड घालून दिली. नुसते चालायचे अंगण किंवा बागेतली वाट असेल, तर ५० मिलिमीटर जाडी आणि एम-३० ताकद. सोसायटीत मोटारी फिरणार असतील तर ६० मिलिमीटर आणि एम-३५. वर्दळीच्या रस्त्याला ८० मिलिमीटर आणि एम-४०. बस आगार आणि कारखान्यांच्या जड वाहतुकीला १०० मिलिमीटर आणि एम-५०. कंटेनरच्या अतिजड वाहतुकीला १२० मिलिमीटर आणि एम-५५. एम-४० म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन दाब सोसणारा काँक्रीट. ब्लॉकने सरासरी सहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये, अशीही अट आहे. चाकणच्या यार्डात ट्रेलर वळताना त्याची मागची चाके जमिनीला पिरगाळतात. तिथे साठ मिलिमीटरचा ब्लॉक टाकून पैसे वाचवले, तर ते वर्षभरात दुप्पट बाहेर जातात.

पण ब्लॉक कितीही चांगला असला, तरी तो फक्त वरचा थर आहे. खाली काय आहे, यावर सगळे अवलंबून असते. या भागात डोंगरउतारावर मुरूम लागतो, तर इंद्रायणी आणि भामा यांच्या काठांवर काळी माती. ही माती बेसाल्ट झिजूनच तयार झाली आहे. शेतकऱ्याला ती सोन्यासारखी, कारण ती पाणी धरून ठेवते. बांधकामाला ती याच गुणामुळे नको असते. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरचे ओझे दरवर्षी वर-खाली होते. थंड देशांत हेच काम बर्फ करतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, मातीतल्या बर्फाचे थर वाढत जाऊन अंगण वर उचलतात आणि वसंतात बर्फ वितळला की जमीन चिखल होते. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडे राहणाऱ्या मराठी घरांच्या परसातला पाटिओ या कारणाने उखडतो आणि आपल्या नदीकाठचे अंगण काळ्या मातीमुळे. दोन्हीकडे मूळ कारण अडकलेले पाणी, आणि उपायही तोच: पाणी न धरणारा तळ करा आणि पाण्याला बाहेरची वाट द्या.

म्हणून जाणता ठेकेदार पहिल्या दिवशी ब्लॉकचा ट्रक मागवत नाही, जेसीबी मागवतो. काळी माती काढून टाकायची, जमीन रोलरने दाबायची, मग मुरमाचे थर अंथरायचे. एकदम फूटभर मुरूम टाकून रोलर फिरवला, तर फक्त वरचे दोन-चार इंच घट्ट होतात. थर सहा-आठ इंचांचा हवा, त्यावर बेताचे पाणी मारून रोलर फिरवायचा आणि मगच पुढचा थर टाकायचा. त्यावर खडीचा तळ येतो. जिथे रोलर पोहोचत नाही, अशा कोपऱ्यांत प्लेट कॉम्पॅक्टर किंवा धुम्मस चालते. आणि ढाळ याच पायरीला द्यावा लागतो, मीटरला दोन सेंटिमीटर, इमारतीपासून लांब, गटाराच्या दिशेने. वरून वाळू कमी-जास्त करून दिलेला ढाळ टिकत नाही, कारण जाड वाळू जास्त बसते आणि बरोबर तिथेच पाण्याचे डबके होते.

यानंतर वाळू पसरायचे काम येते. ते जवळून पाहण्यासारखे आहे. खडीवर दोन लोखंडी पाईप समांतर ठेवतात, मध्ये ग्रिट पसरतात आणि अॅल्युमिनियमची पट्टी पाईपांवरून ओढत आणतात. मागे राहतो एकसारखा थर, साधारण ३० मिलिमीटरचा. पाईप उचलून त्याच्या खाचा हलक्या हाताने भरतात. मग त्या थरावर कुणाचाही पाय पडू द्यायचा नाही, हा कडक नियम. कारागीर आधी बसवलेल्या ब्लॉकवर उकिडवा बसतो आणि दोरीच्या ओळीत पुढे ब्लॉक ठेवत जातो. ८० मिलिमीटरच्या फरसबंदीचे वजन चौरस मीटरला सुमारे १९० किलो भरते. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, बिहारमधून आलेली ही माणसे उन्हात दिवसभर हे ओझे एकेक करून जागेवर ठेवत असतात. रांगा सरळ याव्यात एवढाच त्यांचा हिशेब नसतो. गाड्या फिरणार असतील, तर ब्लॉक माशाच्या काट्यासारखे आडवे-उभे गुंतवायचे असतात, म्हणजे चाकाने ढकललेला ब्लॉक शेजाऱ्यांना जोर वाटून देतो. सरळ रेघेतले सांधे मात्र चाकाबरोबर सरकतात.

ब्लॉक बसले की प्लेट कॉम्पॅक्टर फिरतो आणि दोन ते चार मिलिमीटरच्या सांध्यांत बारीक कोरडी वाळू झाडून भरतात, पुन्हा कंप, पुन्हा वाळू. एक ब्लॉक दुसऱ्याला धरून ठेवतो तो या वाळूमुळे. ती न भरता काम सोडले, तर ब्लॉक शेजारी शेजारी असतात, एकत्र नसतात. कित्येक ठिकाणी सांधा सिमेंटच्या पाण्याने भरतात. दिसायला ते पक्के वाटते, पण पहिल्या ताणाला तडकते आणि तड्यातून गेलेले पाणी खाली अडकते. ब्लॉक एकमेकांना धरून राहावेत म्हणून कडेचा कर्बही काँक्रीटमध्ये घट्ट बसवायला हवा. कड सुटली की सांधे रुंदावतात, वाळू वाहून जाते आणि अख्खे अंगण पसरू लागते.

लोहगडाच्या दरवाज्यांमधून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या मावळच्या पावसात शतकानुशतके उभ्या आहेत. कोकणातली जांभ्याची पाखाडी उतारावरचे पाणी अंगावर घेऊन बाजूला सोडते. त्या बांधणाऱ्यांकडे प्रयोगशाळा नव्हती. पाण्याशी भांडायचे नाही, त्याला कडेने नेऊन सोडायचे, ही समज मात्र होती. आज आपल्याकडे यंत्र आहे, मानक आहे, काँक्रीटची ताकद मोजायची सोय आहे. कमी पडते ती ही समज, आणि ती कमी पडण्याचे कारण बिलाच्या रचनेत आहे. बिल चौरस फुटावर होते. वरचा ब्लॉक सगळ्यांना दिसतो, मोजता येतो, फोटोत येतो. खालचा मुरूम किती ब्रास पडला, कितीदा दाबला गेला, हे झाकल्यावर कुणालाच कळत नाही. ज्या थरावर सगळे टिकून आहे, तोच पहिल्यांदा कापला जातो.

त्यामुळे सोसायटीच्या सचिवाने, कारखान्याच्या देखभाल अधिकाऱ्याने, पदपथाचे काम पाहणाऱ्या नगरसेवकाने ब्लॉकचा रंग निवडण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: काळी माती किती खोल काढणार, मुरूम आणि खडीचे थर किती जाडीचे, ढाळ कोणत्या गटाराकडे, आणि ब्लॉकचा २८ दिवसांचा दाबाचा अहवाल कुठे आहे. प्रत्येक थर झाकण्याआधी त्याचा फोटो आणि जाडीचे माप घ्यावे, आणि पुढचे पैसे त्यावरच सोडावेत. काम झाल्यावर पाण्याचा पाईप सोडून पाहावा. पाणी पाच मिनिटांत गटाराला लागले पाहिजे. केबल किंवा पाण्याची लाईन टाकायला खोदले, तर ब्लॉक क्रमाने काढून ठेवावेत, चर थरांनी दाबून भरावा आणि तेच ब्लॉक परत बसवावेत. सुट्या तुकड्यांच्या फरसबंदीचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि आपण तो खड्ड्यावर काँक्रीट ओतून दरवेळी घालवतो.

याला जास्तीचा पैसा फारसा लागत नाही, लागतो तो आधी केलेला विचार आणि मधे केलेली तपासणी. शाळेत जाणारी मुले, पहाटेच्या पाळीला निघालेले कामगार, काठी टेकत चालणारे आजी-आजोबा या सगळ्यांना सपाट, कोरड्या, न डगमगणाऱ्या वाटेवरून चालण्याचा हक्क आहे. गाड्या बनवण्यात देशभर नाव मिळवलेल्या या पट्ट्याने तेवढीच काटेकोरी पायाखालच्या जमिनीसाठीही वापरावी.