बारसे आणि बाळंतिणीची खोली

पिंपरी-चिंचवडच्या कामगार कुटुंबांत पाळणा बाराव्याच दिवशी हलतो असे नाही. तो साप्ताहिक सुट्टीला हलतो. गावाकडची मंडळी त्याच दिवशी येतात आणि दोन खोल्यांत अवघे गणगोत जमते. चरकसंहितेत नामकरण दहाव्या दिवशी सांगितले आहे, तेही माता व बालकास सुगंधी औषधे, पांढरी मोहरी व लोध्र यांनी स्नान घालून. सुश्रुतांनी मात्र सूतिकाकाल दीड महिन्याचा मानला. म्हणजे बारशाला ती निम्म्यावरही आलेली नसते. हे यजमानांना वैद्याने नाही तर कोणी सांगावे?

घुगऱ्या, पाळणा, आत्याने कानात सांगितलेले नाव, यांत काहीही उणे करू नये. पण बाळ हातोहाती फिरवू नये, बंद खोलीत धूर कोंडू नये आणि कौतुकाने मधाचे बोट चाटवू नये. जातकर्मात मधु-घृत उक्त आहे, हे खरे. तथापि मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाआतील अर्भकास त्यांपासून स्नायू लुळे पडणारा गंभीर विकार जडतो, हे आज ज्ञात आहे. येथे ग्रंथप्रामाण्याचा वाद उकरण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. बारशासाठी मध मागणाऱ्या आजीबाईंना औषधालय चालकांनी बाळाचे वय अवश्य विचारावे व मधाऐवजी डिंक, अळीव पुढे करावेत. बाळंतिणीच्या लाडवांना ते लागतातच.