मोटारीचे टायर : चार पंजांचा आधार



गेल्या वर्षी मे महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. नोकरीनिमित्त तो बेळगावी असतो आणि बारा महिने, दर शनिवारी, चोर्ला घाट उतरून गोव्यात आईवडिलांकडे येतो. मोटार त्याने जुनीच घेतली होती, पण मोठी जोरकस. म्हणाला, ‘‘सर, टायर बदलायचे आहेत. दुकानदार म्हणतो, जास्तीत जास्त टिकतील ते घ्या. मित्र म्हणतात, शर्यतीच्या गाड्यांना असतात तसे घ्या. शास्त्र काय म्हणते?’’

मी विज्ञान शिकवतो, टायर विकत नाही. म्हणून प्रथम हसलो. तेव्हा त्याने हलक्या आवाजात सांगितले, की मागच्या पावसाळ्यात एका वळणावर गाडीची मागची बाजू अकस्मात फिरली आणि गाडी कठड्यापाशी जाऊन थांबली. मागच्या आसनावर त्याची चार वर्षांची मुलगी झोपलेली होती. मग मी हसलो नाही. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या दिवशी जे बोललो, तेच आज आपणांपुढे मांडतो.

मोटारीचे इंजिन कितीही शक्तिमान असो, ती रस्त्याला धरून असते ती केवळ चार ठिकाणी. दीड हजार किलो वजनाची गाडी घ्या. प्रत्येक चाकावर सुमारे ३७५ किलो भार येतो. टायरमध्ये ३३ पौंड हवा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलोचा दाब होतो. भागाकार केला तर उत्तर येते सुमारे १६० चौरस सेंटिमीटर. म्हणजे आपल्या हाताच्या पंजाएवढी जागा! वेग वाढवणे, वळणे, थांबणे, सारे काही या चार पंजांच्या आधाराने चालते.

हा आधार कोरड्या रस्त्यावर चांगला असतो. ओल्या रस्त्यावर तो निम्म्यावरही येऊ शकतो. कोरड्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी ५० मीटरांत थांबत असेल, तर पकड निम्मी होताच तिला १०० मीटर लागतील. रस्त्यावर पाणी साचलेले असेल तर आणखी एक संकट उभे राहते. टायरवरील खाचांना पाणी बाजूला सारता आले नाही, की टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेतील हॉर्न आणि ड्रेअर या संशोधकांनी १९६३ साली विमानांच्या चाकांसाठी याचे गणित मांडले. त्याचाच अंदाज मोटारीला लावला, तर खाचा अपुऱ्या पडल्यावर ३३ पौंड हवेचा टायर ताशी सुमारे ९५ किलोमीटरला तरंगतो. हवा २५ पौंडांवर उतरली असेल तर ८३ लाच. म्हणून खोल खाचा आणि योग्य हवा ही पावसाळ्यातील पहिली शिदोरी होय.

आता निवडीकडे वळू. बाजारात ‘ऑल सीझन’, म्हणजे सर्व ऋतूंचे, असे नाव असलेले टायर मिळतात. बारा महिने गाडी चालवणाऱ्याला हे नाव साहजिकच भुरळ घालते. पण ते ऋतू युरोप-अमेरिकेचे आहेत. त्यांत हिमवर्षाव गृहीत धरलेला आहे. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागते, म्हणून तिकडे ही सोय लागते. ग्वाल्हेरला थंडीतील काही पहाटे पारा त्याच्याही खाली उतरतो. तेवढ्या वेळेपुरते गाडी जपून हाकावी, इतकेच. परंतु तेथेच उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि गोव्यात चार महिने पाऊस कोसळतो. आपल्या तिन्ही ऋतूंना, विशेषतः वेगवान गाडीला, ओल्या रस्त्यावर उत्तम पकड देणारा उन्हाळी टायरच मानवतो. हिमाचल-काश्मीरच्या हिवाळ्याची गोष्ट अर्थात निराळी.

मग दुकानदाराचा सल्ला? टायरच्या कडेवर झिजेचा एक अंक छापलेला असतो : २००, ३००, ४०० असा. अंक मोठा तितके आयुष्य अधिक. पण सामान्यतः रबर जितके टिकाऊ, तितकी पकड कमी. मित्रांच्या सल्ल्यात उलटा दोष आहे. शर्यतीच्या धर्तीचे टायर कोरड्या रस्त्यावर चिकटून चालतात, पण त्यांवर खाचा थोड्या. आषाढात ते घात करतील. जवळच छापलेली ‘ट्रॅक्शन’ची श्रेणी ओल्या पृष्ठभागावर ब्रेक लावून ठरवतात, तीत ‘एए’ ही सर्वोच्च. युरोपात २०२१ पासून ओल्या पकडीला ‘ए’ ते ‘ई’ अशा श्रेणी देतात. तशी चिठ्ठी टायरवर आढळली तर अवश्य वाचावी.

यानंतर माप. समजा, टायरवर ‘२२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू’ असे लिहिले आहे. रुंदी २२५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ४५ टक्के, आतील चाक १७ इंची. ‘आर’ म्हणजे रेडियल. ९१ हा भारांक, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतची क्षमता. एवढ्या वेगाने कोणी जाऊ नये हे उघड आहे. परंतु हे अक्षर उष्णता सोसण्याची ताकदही सांगते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा खालचे अक्षर वा अंक घेऊ नये. खड्ड्यांच्या भीतीने ४५ ऐवजी ५० टक्क्यांची कड घेतली, तर चाक साडेतीन टक्क्यांनी मोठे होते : काटा १०० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात पूर्वीपेक्षा तेवढ्याच प्रमाणात अधिक वेगाने धावत असेल.

जन्मतारीखही पाहावी. कडेवरील चार अंकांत ती असते. ‘२४२५’ म्हणजे २०२५ सालातील चोविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला तरी नाकारावा. आणि खाचांच्या तळाशी जे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरची मर्यादा दाखवतात. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर असते. ती ३ वर आली, की पावसाळ्यापूर्वीच बदल करावा. टायर पार गोटा होण्याची वाट पाहू नये.

माझ्या विद्यार्थ्याची गाडी त्या वळणावर का फिरली, याचे उत्तर शेवटी सापडले. त्याने आदल्या वर्षी दोनच टायर नवे घेतले होते आणि कोणाच्या तरी सल्ल्याने ते पुढे बसवले होते. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ ओढ घेते. पाय आवरता घेतला की बहुधा सावरते. मागची घसरली तर ती भोवऱ्यासारखी फिरते, आणि सावरायला अवसर मिळत नाही. म्हणून चारही टायर एकाच जातीचे घ्यावेत. दोनच परवडत असतील, तर नवे नेहमी मागे बसवावेत. पुढची-मागची मापे निरनिराळी असतील, किंवा चारही चाकांना इंजिनची शक्ती मिळत असेल, तर पुस्तिका सांगेल तेच करावे.

त्याने टिकाऊ नव्हेत आणि शर्यतीचेही नव्हेत, असे ओल्या रस्त्यावर पकड ठेवणारे चार टायर घेतले. दर पंधरवड्याला, टायर थंड असताना, हवा तपासण्याचे वचन दिले. जुलैमधील एका शनिवारी रात्री त्याचा फोन आला. बाहेर धो धो पाऊस होता. मी काळजीने विचारले, ‘‘काय रे, काय झाले?’’

तो म्हणाला, ‘‘काही नाही, सर. घरी पोचलो. वाटेत काहीच झाले नाही, तेवढेच सांगायला फोन केला. मुलगी अजून झोपलेली आहे.’’