कॅमेऱ्याला वेगळं बटण हवं का?

नोकियाच्या २०१३ मधल्या ल्युमिया १०२० या फोनला ४१ मेगापिक्सेलचा कॅमेरा होता आणि कडेला त्याचं खास बटण. अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो. सोनीनेही एक्सपिरिया फोनमध्ये ही सोय दिली.

फायदा काय? टचस्क्रीन बोटामुळे होणारा विद्युतभारातला बदल टिपते. त्यामुळे पावसाचे थेंब पडले किंवा साधे हातमोजे घातले की ती गोंधळते. बटणाला नुसता दाब पुरतो.

ॲपलने २०२४ मध्ये आयफोन १६ ला ‘कॅमेरा कंट्रोल’ दिलं. त्यावर बोट सरकवून झूमही करता येतं.

मात्र बटण घट्ट असेल तर दाबताना फोन हलतो, फोटो पुसट येतो. शिवाय आतली जागा अडते. बहुतेक फोनमध्ये आवाजाच्या बटणानेही फोटो निघतो. अर्ध्या दाबातला फोकस तेवढा त्याला सहसा जमत नाही.