त्वचेवर उमटणारी आतली खबर

गर्भ सहा आठवड्यांचा असतो, लांबीने जेमतेम एक सेंटीमीटर. तेव्हाच त्याच्या अंगावर काखेपासून जांघेपर्यंत त्वचेच्या दोन उठावदार रेघा उमटतात. पुढे त्या बहुतेक विरून जातात. छातीवर तेवढा एकेक ठिपका उरतो आणि तिथली त्वचा आत आत उतरून दुधाची ग्रंथी घडवते. काहींच्या पोटावर याच रेघेत एखादं जादा स्तनाग्र आढळतं, तो या विरलेल्या रेघेचाच अवशेष! म्हणजे स्तन मुळात त्वचेतूनच घडतो, आणि त्वचेशी असलेलं हे नातं जन्मभर टिकतं. आत काही बिघडलं, तर त्याची खबर अनेकदा त्वचेवर उमटते. ती वाचायला तीन गोष्टी ठाऊक हव्यात.

पहिली गोष्ट, तंतू. 1840 साली लंडनच्या ॲस्टली कूपर या शल्यविशारदाने स्तनाच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. आतल्या ऊतींना वरच्या त्वचेशी बांधून ठेवणारे तंतू त्याने त्यात दाखवले. ते आजही त्याच्या नावाने ओळखले जातात. आत वाढणाऱ्या गाठीने असा तंतू आखडला, की त्वचा आत ओढली जाऊन खळी पडते. हात खाली असताना ती दिसेलच असं नाही. हात डोक्यावर नेले की तंतू ताणले जातात आणि लपलेली खळी उघड होते. आरशासमोर हात वर करून पाहायला सांगतात, ते यासाठी.

दुसरी गोष्ट, लसिकावाहिन्या. त्वचेखाली या सूक्ष्म नळ्यांचं जाळं असतं आणि स्तनातला बहुतेक लसिकाद्रव काखेतल्या लसिकाग्रंथींकडे जातो. कर्करोगाच्या पेशींनी वाट अडवली, की द्रव साचून त्वचा फुगते. पण केसांची मुळं आणि घामाच्या नळ्या जिथे तिला खाली धरून ठेवतात, तिथे ती फुगू शकत नाही. म्हणून जागोजागी बारीक खड्डे दिसतात, हुबेहूब संत्र्याच्या सालीसारखे. दाहक प्रकारच्या स्तनकर्करोगात हे घडतं. हा प्रकार विरळा, पण वेगवान: काही आठवड्यांतच स्तन सुजतो, गरम लागतो, रंग बदलतो, आणि अनेकदा हाताला गाठ लागतच नाही. गोऱ्या कातडीवर लाली दिसते. आपल्या सावळ्या वर्णावर मात्र ती जांभळट किंवा नुसती काळपट वाटू शकते. म्हणून रंगाइतकंच लक्ष जाडी, ऊब आणि दोन्ही बाजूंतल्या फरकाकडे द्यावं.

तिसरी गोष्ट, स्तनाग्रावरची खबर. 1874 मध्ये सर जेम्स पॅजेट यांनी सुमारे पंधरा स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या स्तनाग्रावर इसबासारखा चट्टा होता, खाज होती, खपली होती, आणि दोन वर्षांच्या आत प्रत्येकीच्या स्तनात कर्करोग निघाला. साधं इसब बहुधा दोन्ही बाजूंना येतं आणि मलमाने शमतं. पॅजेट यांनी नोंदवलेला हा आजार मात्र सहसा एकाच स्तनाग्रावर सुरू होऊन भोवतालच्या गडद वर्तुळाकडे पसरतो. मॅमोग्राफीत काही दिसलं नाही तरी तो असू शकतो. खात्री होते ती त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासल्यावर.

त्वचा खबर देते, पण ती डॉक्टरांपर्यंत पोचते का? आता राजेंद्र नगरकडे वळू या. इंदूरच्या या मराठी वस्तीतही, आपल्या साऱ्याच घरांत होतं तसं, छातीचं दुखणं बाई सहसा कुणाला सांगत नाही. आधी हळदीचा लेप, मग खोबरेल, मग घरातलंच कुठलं तरी मलम. आणि वर, ‘दुखत नाही ना, मग कशाला दाखवायचं?’ पण सुरुवातीला स्तनाचा कर्करोग बहुधा दुखत नाही. म्हणून न दुखणं हे निर्धास्त राहायचं कारण ठरत नाही.

त्वचेवरच्या अशा बदलांतलं बरंचसं साधंच असतं, हेही तितकंच खरं. पावसाळ्यात स्तनाखालच्या घडीत घाम साचून बुरशीचं पुरळ येतं; जागा कोरडी ठेवून, औषध लावून ते बरं होतं. दोन आठवड्यांत गेलं नाही तर दाखवावं. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध साचून लाल, दुखरी सूज आली, तर पाजणं थांबवू नये. पण ताप असेल किंवा चोवीस तासांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांकडे जावं. प्रतिजैविकं घेऊन आठवडाभरात सूज ओसरली नाही, तर ‘अजून एक कोर्स करू’ यावर न थांबता पुढच्या तपासणीचा आग्रह धरावा.

नवी खळी, संत्र्याच्या सालीसारखी त्वचा, अचानक आत वळलेलं स्तनाग्र, त्यातून रक्त, एकाच बाजूची न भरणारी खपली किंवा जखम: यातलं काहीही दिसलं तर मलम लावून वाट पाहू नये, त्याच आठवड्यात दाखवावं. घरच्या डॉक्टरांपासून किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांपासून सुरुवात करता येते. शहरात सरकारी एम. वाय. रुग्णालयही आहे. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो, क्वचितच. त्यांनीही लाजू नये.

नजर आणि हात किती करू शकतात, हे मुंबईने दाखवून दिलं आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 1998 मध्ये तिथल्या वस्त्यांत अभ्यास सुरू केला: 35 ते 64 वयाच्या 1,51,538 स्त्रिया. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी यंत्राविना, हातांनी तपासत. 2021 मध्ये निष्कर्ष आले. तपासलेल्या गटात रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला. सगळ्या वयांचा मिळून मृत्यूंतला फरक ठामपणे सिद्ध झाला नाही. पण पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले.

म्हणून चैत्रातल्या हळदीकुंकवाला काकू, वहिनी, सुना एकत्र जमतात, तेव्हा कैरीच्या डाळीबरोबर हेही बोललं जावं. एकीने ‘मी दाखवून आले’ म्हटलं, की दुसरीला जाणं सोपं होतं.