श्वास थांबवणारं इंजेक्शन

‘तुम्ही आर्य वैश्य का?’ ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाने असं विचारलं की रुग्णाच्या नातेवाइकांच्या कपाळाला आठी पडते. दवाखान्यात जातीचं काय काम? एरवी हा राग रास्तच ठरला असता. पण या प्रश्नामागे भक्कम वैद्यकीय कारण आहे, आणि मराठवाड्यात तर तो विचारायलाच हवा.

ते कारण पुढे येईलच; आधी छत्रपती संभाजीनगरातल्या मुकुंदवाडीचं उदाहरण घेऊ. जालना रोडवरचं हे जुनं गाव आता शहरात पुरतं मिसळून गेलंय. एका बाजूला सिडको, दुसरीकडे चिकलठाण्याची एमआयडीसी, आणि गावाचं स्वतःचं रेल्वे स्टेशन. याच रुळांवरून पुढे जालना, परभणी, नांदेड लागतं आणि तिथून थेट तेलंगणात उतरता येतं. मुकुंदवाडीत व्यापारी घरं आहेत, कारखान्यातले कामगार आहेत आणि गावाकडची कपाशी अजून न सोडलेले शेतकरीही आहेत. ऑपरेशनची वेळ आली की ही सगळी माणसं घाटी रुग्णालयात जातात, नाही तर जवळपासच्या खासगी दवाखान्यात. तिथे त्यांना ‘फिटनेस’साठी भूलतज्ज्ञाकडे पाठवलं जातं. बहुतेकांना वाटतं, हा निव्वळ सहीशिक्क्याचा सोपस्कार. त्या दहा मिनिटांत सांगितलेली किंवा लपवलेली एखादी गोष्ट ऑपरेशन टेबलावर किती महागात पडू शकते, याची कल्पना फार थोड्यांना असते.

पूर्ण भूल म्हणजे एकच औषध, असा सर्वसाधारण समज आहे. खरं तर ती तीन कामांची जोडणी असते. एक औषध झोपवतं, दुसरं वेदना मारतं आणि तिसरं स्नायू सैल करतं. पोट उघडायचं असेल तर पोटाचे स्नायू ताठ राहून चालत नाहीत. श्वासनलिकेत नळी घालायची तर स्वरयंत्राने आडवं येऊन चालत नाही. म्हणून हे तिसरं इंजेक्शन. शरीर हलवण्याचा मेंदूचा हुकूम मज्जातंतूच्या टोकाला पोचतो, तिथे ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि ते स्नायूवरच्या ठरावीक जागी जाऊन बसलं की स्नायू आकसतो. हे औषध नेमकी तीच जागा अडवतं. हुकूम सुटतो, पण अंमल होत नाही. हात, पाय, पापण्या, जबडा आणि शेवटी श्वासपटल, सगळं निपचित होतं. हृदय मात्र धडधडत राहतं, कारण त्याचे स्नायू या वाटेवर चालत नाहीत.

म्हणजे या इंजेक्शनने श्वास थांबतो, आणि तो मुद्दाम थांबवलेला असतो. त्या क्षणापासून रुग्णाचा श्वास भूलतज्ज्ञाच्या हातात असतो, आधी मास्क आणि पिशवीने, मग नळी आणि मशिनने. पाठीतून इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात तेव्हा सहसा या औषधाची गरज लागत नाही. म्हणून ‘पाठीतून देणार की पूर्ण?’ हे विचारून घेणं रुग्णाच्या हिताचं.

या औषधांचं मूळ दक्षिण अमेरिकेच्या जंगलातलं. तिथले आदिवासी बाणाच्या टोकाला क्युरारे नावाचं वनस्पतींचं विष लावून शिकार करत. 23 जानेवारी 1942 रोजी कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन या डॉक्टरांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये एका तरुणाला क्युरारेचं शुद्ध केलेलं औषध दिलं, आणि भूलशास्त्र कायमचं बदललं. त्याआधी स्नायू सैल पडावेत म्हणून भुलेचा डोसच भरमसाट वाढवावा लागे, आणि अशक्त रुग्णांना तो झेपत नसे.

पण एक शंका उरली होती. निपचित पडलेला माणूस झोपलेला असतो की नुसताच अडकलेला? अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने 1947 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ती स्वतःच्या अंगावर फेडून घेतली. झोपेचं कुठलंही औषध न घेता त्याने श्वास बंद पडेल इतकं आणि त्याहून जास्त क्युरारे टोचून घेतलं. सहकारी त्याला श्वास देत राहिले. शुद्धीवर असताना त्याला सगळं ऐकू येत होतं आणि टोचलेलं कळतही होतं. फक्त बोट हलवता येत नव्हतं. या औषधाने वेदना कमी होत नाहीत आणि झोपही लागत नाही, हे त्या दिवशी निर्विवाद ठरलं.

‘मी मधेच जागा झालो तर?’ ही भीती त्यामुळे खुळचट नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये याची मोठी पाहणी झाली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालानुसार पूर्ण भूल दिलेल्या साधारण 19,000 जणांमागे एकाने ऑपरेशनमध्ये जाग आल्याची तक्रार केली होती. स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असेल तर हे प्रमाण 8,000 मागे एक, आणि दिलेलं नसेल तर 1,36,000 मागे एक. इतका फरक पडतो, कारण औषध न दिलेला माणूस अर्धवट जागा होताच हलतो आणि डॉक्टरांना लगेच कळतं. औषध दिलेला माणूस हलूच शकत नाही. म्हणून यापूर्वी कुठल्या ऑपरेशनमध्ये असं काही जाणवलं असेल, आवाज ऐकू आले असतील, तर ते ‘भास असेल’ म्हणून गिळून टाकू नये. पुढच्या भूलतज्ज्ञाला सांगावं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. स्नायू सैल करणाऱ्या औषधांत एक जुनं आणि अतिशय वेगवान औषध आहे, सक्सामेथोनियम. ऑपरेशन थिएटरमध्ये त्याला सगळे ‘स्कोलीन’ म्हणतात. ते शिरेतून गेलं की पापण्या, चेहरा, खांदे यांवर बारीक फुरफुर उठते आणि मिनिटाभरात सगळं थंड होतं. पोट भरलेलं असताना तातडीचं ऑपरेशन करायचं असेल, अडलेल्या बाईचं सिझर करायचं असेल, तर हा वेग जीव वाचवतो. शिवाय पाच-दहा मिनिटांत त्याचा अंमल आपोआप उतरतो. उतरतो, कारण रक्तातलं एक एन्झाइम ते भराभर तोडून टाकतं. त्याचं नाव ब्युटिरिलकोलिनेस्टेरेज.

हे एन्झाइम ज्यांच्या रक्तात जवळजवळ नसतंच, अशी माणसं असतात. एरवी त्यांना काहीही होत नाही. खातात-पितात, धंदा करतात, म्हातारे होतात. आपल्यात असं काही कमी आहे हे त्यांना कळायचं कारणच नसतं. कळतं ते स्कोलीन दिल्यावर, तेही थेट टेबलावर. दहा मिनिटांत परतायला हवा तो श्वास तासन् तास परतत नाही.

जगभर ही उणीव दुर्मीळ आहे. आर्य वैश्य समाजात मात्र ती ठळकपणे आढळते. 2006 साली कोइम्बतूरच्या भारतियार विद्यापीठातले रत्नम बूपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समाजातला नेमका जनुकीय बदल शोधून काढला. पुढे 2017 साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीचे कुमारसामी तंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांच्या गटाने दक्षिण आशियातल्या 260 हून अधिक समाजांचा अभ्यास मांडला. त्यात याच समाजाचं उदाहरण ठळकपणे दिलं होतं. इतर समाजांच्या तुलनेत या एन्झाइमची उणीव तिथे सुमारे शंभरपट, असा त्यांचा अंदाज. समाज लहान नाही, 30 लाखांहून मोठा आहे. पण कित्येक पिढ्यांपूर्वी तो मोजक्या पूर्वजांपासून वाढला, आणि लग्नं समाजातच होत राहिली. त्या मूठभर पूर्वजांतल्या कुणाचा तरी जनुकीय बदल त्यामुळे आजही घराघरांत फिरतोय. आई आणि वडील दोघांकडूनही तो मिळाला तरच उणीव पूर्ण दिसते. म्हणून एका भावाला असेल तर प्रत्येक सख्ख्या भावंडाला ती असण्याची शक्यता किमान चारात एक.

मूळची तेलुगू मुलखातली आर्य वैश्य घरं पूर्वीपासून नांदेड, परभणी, लातूरकडे पसरलेली आहेत. मराठी त्यांची रोजची भाषा झाली. नुसत्या आडनावावरून किंवा बोलण्यावरून डॉक्टरला ओळखू येईलच असं नाही. रुग्णानेच सांगावं लागतं. यात कमीपणा नाही आणि कुणाचं काही बिघडतही नाही. भूलतज्ज्ञ फक्त स्कोलीन बाजूला ठेवतो आणि रोक्युरोनियमसारखं दुसरं औषध घेतो. मिव्हाक्युरियम हेही याच एन्झाइमने तुटणारं औषध, तेही टाळतात. वेळ असेल तर रक्तातल्या कोलिनेस्टेरेजची, म्हणजे याच एन्झाइमची, तपासणी आधीच करून घेता येते.

आणि चुकून स्कोलीन दिलंच गेलं तर? घाबरण्याचं कारण नाही, पण घाई करून चालत नाही. रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवायचं, झोपेचं औषध चालू ठेवायचं आणि अंमल उतरेपर्यंत थांबायचं. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना ते तास युगासारखे वाटतात. ‘पेशंट शुद्धीवर का येत नाही?’ म्हणून आरडाओरडा होतो. अशा वेळी डॉक्टरने बाहेर येऊन नेमकं काय झालंय ते सांगावं आणि घरच्यांनी ते ऐकून घ्यावं, दोन्हीची सारखीच गरज आहे.

हेच एन्झाइम आणखी एका कारणाने घटतं, आणि ते कारण मराठवाड्याच्या शेतात आहे. कपाशीवर फवारली जाणारी क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉससारखी कीटकनाशकं कोलिनेस्टेरेजलाच मारतात. फवारणीची विषबाधा झालेल्या माणसाचं रक्त याच तपासणीला पाठवतात. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा राज्यभर या विषाची चर्चा झाली. पण जो मेला नाही, नुसता मळमळून, डोकं धरून दोन दिवस झोपून उठला, त्याच्या रक्तातलं एन्झाइमही भरून यायला काही आठवडे लागू शकतात. त्याच महिन्यात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तर त्याने फवारणीचं सांगायलाच हवं. कुणी विचारत नाही म्हणून ते राहून जातं.

तिसरी गोष्ट लोक लाजेपोटी लपवतात. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षानुवर्षं गुटखा, सुपारी चघळून गालाच्या आतली कातडी चामड्यासारखी ताठ होते आणि तोंड दोन बोटंही उघडत नाही. नातेवाइकांना वाटतं, स्नायू सैल करायचं इंजेक्शन दिलं की जबडा उघडेल. तो उघडत नाही. ताठरपणा स्नायूत नसतो, कातडीखालच्या तंतूंत असतो, आणि त्यावर या औषधाचा काडीचाही परिणाम होत नाही. श्वास थांबलेला आणि नळी घालायला वाट नाही, यासारखं संकट भूलतज्ज्ञाला दुसरं नाही. आधी कळलं तर रुग्ण जागा असतानाच, घसा बधिर करून, नाकावाटे दुर्बिणीने नळी घालता येते. म्हणून तपासणीच्या वेळी ‘आ करा’ म्हटल्यावर संकोच न करता पूर्ण आ करावा आणि व्यसनाचं खरं सांगावं.

सांगण्यासारखं आणखीही असतं. घरात कुणाला भुलेमध्ये प्रचंड ताप चढून अंग ताठ झालं होतं का? मुलगा उशिरा चालायला लागला, सारखा पडतो, पोटऱ्या फुगीर दिसतात, असं आहे का? स्नायूंचा आजार असलेल्या अशा मुलांमध्ये स्कोलीनने रक्तातलं पोटॅशियम एकदम उसळून हृदय थांबू शकतं. मोठ्या भाजण्यानंतर किंवा लकव्यानंतर काही काळ हाच धोका राहतो. गर्भवतीला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम दिलं असेल तर इतर सैल करणाऱ्या औषधांचा अंमल लांबतो. पूर्वी कुठल्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, तर तेही सांगावं. भुलेदरम्यान येणाऱ्या गंभीर ॲलर्जीत अँटिबायोटिक आणि स्नायू सैल करणारी औषधं हीच दोन कारणं वरचढ असतात.

ऑपरेशन संपताना रोक्युरोनियमसारख्या औषधांचा अंमल उतरवावा लागतो. मनगटाला बारीक विजेचे चार झटके देऊन अंगठा किती जोमाने हलतो ते भूलतज्ज्ञ बघतो. चौथ्या झटक्याचा प्रतिसाद पहिल्याच्या 90 टक्क्यांवर आला की स्नायू परतले असं धरतात. उतरवण्यासाठी बहुधा निओस्टिग्मिन देतात. रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमसाठी सुगामाडेक्स हे नवं, महाग, पण झटपट औषध आहे. ते दिलं असेल तर एक गोष्ट बायकांना कुणी क्वचितच सांगतं. गर्भनिरोधक गोळीतल्या हार्मोनलाही ते बांधून ठेवतं, म्हणून पुढचे सात दिवस दुसरं साधन वापरायला हवं.

स्कोलीन दिलेल्या माणसाचं अंग पुढचे एक-दोन दिवस, जोरात व्यायाम केल्यावर दुखावं तसं दुखू शकतं. मान, खांदे, बरगड्या. ते आपोआप जातं. मात्र वॉर्डात आल्यावर श्वास अपुरा वाटला, पापण्या जड राहिल्या, गिळता येईना, तर नर्सला ताबडतोब बोलवावं. औषधाचा अंमल थोडा उरलेला असू शकतो.

डिस्चार्ज घेताना बिलाच्या फाइलीत आणखी एक कागद मागून घ्या. भूल कसली दिली, कुठलं औषध वापरलं, नळी घालायला त्रास झाला का, श्वास परतायला उशीर झाला का, एवढं त्यावर लिहिलेलं असू द्या. श्वास उशिरा परतला असेल तर कोलिनेस्टेरेजची तपासणी स्वतःची करा आणि सख्ख्या भावंडांचीही करून घ्या. तो कागद घरात सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा, कारण पुढचं ऑपरेशन मध्यरात्री, तातडीचं आणि अनोळखी डॉक्टरकडेही असू शकतं.