निंदणाचं यंत्र बाईच्या हाती हवं

रोवणी आटोपली की काही दिवसांतच नागऱ्याच्या बांध्यांत निंदण सुरू होतं. गोंदिया जिल्हा धानाचा, आणि धानातलं निंदण बायकांचं. त्यात आपल्या वस्त्यांतल्या, स्वतःची जमीन नसलेल्या आयाबहिणी कितीतरी. दिवसभर कमरेत वाकून, पाय चिखलात. या दिवसांत आम्ही वस्तीत बसलो की तक्रारी ठरलेल्या: कंबर, गुडघे, बोटांमधल्या चिखल्या. गोळीनं भागत नाही, कारण उद्या परत वाकायचंच असतं.

उभ्यानं निंदण काढायचं यंत्र आहे, आणि ते काही नवं नाही. कोनोवीडर म्हणतात त्याला. लांब दांडा, खाली दातेरी दोन शंकू. मागेपुढे ढकललं की ओळींमधलं तण उपटून चिखलात गाडलं जातं आणि तिथंच कुजतं. एक माणूस दिवसाला साधारण अर्धा एकर काढतो. मग शेतकरी ते घेत का नाहीत? आळसानं नव्हे. यंत्र फिरायला धान ओळीत लागतं, दोरी धरून 25 सेंटिमीटरवर. रोवणी गुत्त्यानं दिली की जितकी भरभर तितकी मजुरी; दोरी कोण धरणार? शिवाय बांधीत बोट-दीड बोट पाणी हवं. बांधी सुकली तर यंत्र अडतं. आणि धानाच्या बुडातलं तण शेवटी हातानंच काढावं लागतं.

म्हणून सोपा मार्ग, तणनाशक. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तिथं कपाशीवरची कीटकनाशकं होती, हे खरं. पण तणनाशकंही निरुपद्रवी नाहीत. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. असला डबा घरात, पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

आम्हाला जास्त खुपतं ते वेगळंच. यंत्र आलं की ते पुरुषाच्या हातात जातं, आणि बाईची निंदणाची मजुरी बुडते. कंबर वाचली, चूल विझली! बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाची बाजू घेतली, तेव्हा रजेच्या काळात पगारही मिळावा हाच मुद्दा होता. समान कामाला समान मजुरीचा कायदा 1976 साली झाला. तेव्हा बचत गटांनी दोन-चार यंत्रं स्वतः घ्यावी, रोवणीचा आणि निंदणाचा गुत्ता एकत्रच घ्यावा, आणि दोरीसाठी लागणारा जास्तीचा वेळ दरात आधीच धरून घ्यावा. मालकाशी बोलायला चौघी मिळून जा.

यंत्रालाही जोर लागतो, तो खांद्याला आणि दंडाला. दांडा आपल्या उंचीला बसवून घ्या, पाळीपाळीनं चालवा. गरोदर आणि ओल्या बाळंतिणीनं ते ढकलू नये. सिकलसेल असलेल्यांनी तहान मारून काम करू नये, गार पाण्यात तासन्‌तास राहू नये, दुखणं उसळतं. शौचाला आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका खूप, त्यांना लघवीची जळजळ सुटत नाही. गुत्ता ठरवतानाच आडोशाचंही बोला.

घरी आल्यावर पाय धुऊन बोटांमधली जागा कोरडी पुसा. पायाला जखम असेल तर झाकल्याशिवाय बांधीत उतरू नका. चिखलात काम केल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर लेप्टो असू शकतो. अशा वेळी दवाखान्यात नुसता ताप सांगू नका. ‘धानाच्या बांधीत होते’ हे आधी सांगा.