बोलायची मुभा कुणाला?
(सुरक्षित शाळा : लेखांक ९)

गेल्या आठवड्यात आपण वर्गांची दारं आणि कड्या-कुलपं पाहिली. दार आतून लागतं, कडी पक्की आहे, एवढ्यावर काम भागत नाही. दार आत्ता लावायचं आहे हे दुसऱ्या मजल्यावर गणित शिकवणाऱ्या बाईंना कळणार कसं? आजचा लेख त्या निरोपाबद्दल आहे.

अमेरिकेतल्या शाळांमध्ये या कामाला वॉकीटॉकी अनेक वर्षांपासून वापरात आहेत. क्रीडाशिक्षक, गेटवरचा माणूस, ऑफिस, सफाई कर्मचारी अशा फिरतीवरच्या लोकांकडे सेट असतात. फोन हाताशी असताना सेट कशाला, असं कुणालाही वाटेल. फोनवर आपण एकाशी बोलतो. नंबर शोधायचा, रिंग जाऊ द्यायची, समोरच्याने उचलायची वाट पाहायची, मग दुसऱ्याला लावायचा. सेटवर बटण दाबून बोललेलं वाक्य त्या चॅनेलवरच्या सगळ्यांना त्याच क्षणी ऐकू जातं. शिवाय मोठ्या दुर्घटनेत सगळे एकदम फोन लावतात आणि मोबाइलचं जाळं कोलमडतं. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये स्फोट झाले, त्या संध्याकाळी घरच्यांना फोन लावून थकलेल्या मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. सेट मात्र मोबाइल टॉवरवर अवलंबून नसतो.

२४ मे २०२२. टेक्सास राज्यातल्या युवाल्डी गावातली रॉब प्राथमिक शाळा. बंदूक घेतलेला एक तरुण कुंपणावरून आत आल्याचं मैदानावरच्या एका शिक्षिकेने पाहिलं आणि सेटवरून लगेच ऑफिसला कळवलं. निरोप पोहोचला. तिथून पुढे तो अडखळला. मुख्याध्यापकांनी मोबाइलवरच्या ॲपमधून सगळ्यांना इशारा धाडायचा प्रयत्न केला, पण शाळेतलं वाय-फाय कमजोर होतं. सगळ्याच शिक्षकांना तो इशारा वेळेत मिळाला नाही. भिंतीवरच्या स्पीकरवरून घोषणा करता आली असती, ती झाली नाही. टेक्सास विधिमंडळाच्या समितीने जुलै २०२२ च्या अहवालात आणखी एक गोष्ट नोंदवली. सीमेजवळचा भाग असल्यामुळे पोलिसांच्या पाठलागाचे इशारे त्या ॲपवर वरचेवर येत. पाठलाग असो की शाळेत शिरलेला बंदूकधारी, ॲपचा इशारा सारखाच. लोकांचे कान त्याला सरावले होते. त्या दिवशी १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. त्यातल्या किती जणांना वेळेवर पोहोचलेला निरोप वाचवू शकला असता, हे कुणी सांगू शकणार नाही. पण निरोप शाळेच्या ऑफिसपर्यंत येऊनही वर्गांपर्यंत सरळ गेला नाही, हे वाचताना जीव कासावीस होतो.

दुसरी घटना मला त्याहून जास्त शिकवणारी वाटते. १४ फेब्रुवारी २०१८, फ्लोरिडातल्या पार्कलंडचं मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूल. बंदुकीची पिशवी घेतलेला माजी विद्यार्थी आवारात शिरताना देखरेखीच्या एका कर्मचाऱ्याने पाहिला, ओळखला. सेट त्याच्या हातात होता, चालू होता, आणि त्यावरून त्याने एका सहकाऱ्याला कळवलंही. फक्त सगळ्या शाळेला वर्गात कोंडून घ्यायला सांगणारा ‘कोड रेड’ हा शब्द तो बोलला नाही. तो शब्द सेटवर उच्चारला गेला तोवर गोळीबार सुरू होऊन काही मिनिटं उलटली होती. १७ जण गेले. राज्याने नेमलेल्या आयोगाच्या अहवालात कारणही आहे: शाळेकडे याबाबत लेखी धोरण नव्हतं, आणि हा शब्द उच्चारायचा अधिकार नेमका कुणाला, हे कर्मचाऱ्यांना स्पष्ट नव्हतं.

माझ्या मते सगळा विषय इथे आहे. सेट विकत घेणं सोपं. ज्याला धोका सगळ्यात आधी दिसतो त्याला बोलायची मुभा देणं अवघड. आपल्याकडच्या शाळा डोळ्यांपुढे आणा. गेटवर शिपाईकाका, जिन्यात मावशी, मैदानावर पीटीचे सर. संकट पहिल्यांदा यांनाच दिसणार. आणि आपली रीत अशी की शिपाईकाका आधी ऑफिसात सांगणार, ऑफिसातून मुख्याध्यापकांकडे निरोप जाणार, मुख्याध्यापक मीटिंगमध्ये असणार. ‘काका, धोका दिसला तर कुणालाही न विचारता सेटवर बोला, इशारा चुकीचा निघाला तरी तुम्हाला कुणी बोल लावणार नाही,’ हे मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर सांगायला हवं आणि लेखी द्यायला हवं.

शब्दही साधे हवेत. अमेरिकेत आता रंगांचे आणि आकड्यांचे कोड मागे पडत आहेत. बदली शिक्षकाला, नव्या आलेल्या मावशींना ‘कोड रेड’ कळेलच असं नाही. ‘सगळे वर्गात जा, दारं लावा’ हे कुणालाही कळतं. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायचं, नाहीतर पहिला शब्दच कापला जातो आणि ‘मैदानावर येऊ नका’मधलं ‘मैदानावर’ हरवतं. एका वेळी एकच जण बोलू शकतो, म्हणून वाक्य छोटं ठेवायचं. आणि मुलाचं नाव सेटवर कधीही घ्यायचं नाही. सेटवर ‘प्रायव्हसी कोड’ अशी सोय असते, तिच्या नावावर जाऊ नका. तिने दुसऱ्यांचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. आपलं बोलणं त्या फ्रिक्वेन्सीवर कुणीही ऐकू शकतो. सहावीतल्या एखाद्या मुलीला फिट आली, तर तिचं नाव आणि आजार रस्त्यापलीकडच्या माणसाला कळायचं कारण नाही. ‘पहिला मजला, प्रयोगशाळा, नर्स हवी’ एवढं पुरे.

हा शेवटचा प्रसंग मुद्दाम घेतला. सेटचा खरा उपयोग अशा रोजच्या कामांत आहे: दम्याचा झटका, मैदानावरची पडझड, सुटीनंतर न्यायला कुणी न आलेलं मूल. रोज वापरलेला सेट चार्ज असतो आणि त्यावर बोलताना जीभ अडखळत नाही. कपाटात जपून ठेवलेल्या सेटची बॅटरी नेमकी हवी तेव्हा उतरलेली निघते.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी बघा. खोक्यावर छापलेलं किलोमीटरचं अंतर मोकळ्या माळावरचं असतं. सिमेंट-सळयांच्या इमारतीत, तळघरात, जिन्याच्या कोपऱ्यात आवाज पोहोचतो का, हे सेट हातात घेऊन फिरूनच कळतं. आणि आवाज न पोहोचणाऱ्या जागा शाळेच्या नकाशावर मांडून ठेवाव्यात. दुसरी गोष्ट परवान्याची. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या सेटना परवाना लागत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेच सेट या पट्ट्याबाहेरही चालतात, आणि ते विनापरवाना वापरणं बेकायदा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. दुकानदाराकडून फ्रिक्वेन्सी आणि उपकरणाची सरकारी मान्यता दोन्ही कागदावर घ्या.

पुढच्या लेखांकात शाळेच्या बसकडे वळू.